‘सिंहासन’ ते ‘धर्मवीर’ : मतदार दाखवायचा राहिला

२०२४ची भाऊबीज. दासगावात आतेच्या ओटीवर फराळाची ताटं तशीच पडलेली आणि तिचा नातू पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून ‘धर्मवीर २’ बघत बसलेला. सिनेमा २७ सप्टेंबरला थिएटरात लागला होता, दिवाळीपर्यंत मोबाईलवर आला. एकेक करत आम्ही सगळेच त्या हाताएवढ्या पडद्याभोवती सरकलो. मतदानाला सतरा दिवस उरले होते. मधूनच हायवेच्या बाजूने प्रचाराची रिक्षा जायची आणि तिच्यावरचं गाणं कुठलं, सिनेमातलं कुठलं, हे क्षणभर कळायचं नाही.

आते गुंतून गेली होती. आनंद दिघे पडद्यावर आले की ती पदर सावरून बसायची. दोनदा तिने डोळे पुसले. सिनेमा संपल्यावर म्हणाली, “देवमाणूस व्हता.”

मी मुंबईत राहणारा, सिनेमावर अधूनमधून लिहिणारा. मला वाटलं, सिनेमाने आपलं काम केलं. म्हणून विचारलं, “मग आते, यंदा मत नक्की झालं म्हणायचं?”

तिने माझ्याकडे जरा वेळ नुसतं बघितलं. “त्याचा नि मताचा काय संबंध?” म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितोय. निवडणुकीच्या तोंडावर आलेला सिनेमा हा प्रचार असतो, आणि भाबडा प्रेक्षक त्याला बळी पडतो, असं आम्ही लिहिणारे धरून चालतो. आते रडली तर मनापासून, पण मत तिने त्या रडण्यापासून लांब ठेवलं होतं. दासगावहून परत आल्यावर मी राजकारणावरचे मराठी सिनेमे पुन्हा काढून बघितले. बघताना एकच प्रश्न धरून ठेवला होता : यात आते कुठे आहे? नेत्यांना तोलून, मनाशी हिशोब करून, बटण दाबणारी व्यक्ती आपल्या सिनेमाला कधी दिसली का?

*

आधी त्या दिवाळीत आमच्याकडे काय तोललं जात होतं ते सांगतो, कारण ती निवडणूक सिनेमावाल्याने लिहावी अशीच होती.

दासगाव महाड विधानसभा मतदारसंघात येतं, क्रमांक १९४. इथे २००९पासून भरत गोगावले आमदार. शिवसेनेचे, धनुष्यबाणाचे. जून २०२२मध्ये एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. त्यांत गोगावलेही होते. पुढे शिंदे गटाचे प्रतोद म्हणून त्यांचं नाव देशभर गाजलं. ११ मे २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची ती नेमणूक बेकायदा ठरवली. १० जानेवारी २०२४ला विधानसभा अध्यक्षांनी मात्र तीच वैध धरली. त्याआधीच निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण दोन्ही शिंद्यांना दिलं होतं, ठाकऱ्यांकडे मशाल आली होती.

समोर उभ्या होत्या स्नेहल जगताप, महाडच्या माजी नगराध्यक्षा. त्यांचे वडील माणिक जगताप २००४ ते २००९ इथले आमदार होते. काँग्रेसचं घर. जुलै २०२१मध्ये, महाड पुरातून सावरत असतानाच, ते गेले. मे २०२३मध्ये महाडच्या सभेत स्नेहल जगतापांनी उद्धव ठाकऱ्यांच्या पक्षात प्रवेश केला.

म्हणजे गंमत बघा. जुना शिवसैनिक धनुष्यबाणावर, पण ‘मातोश्री’च्या विरोधात. काँग्रेसच्या घरातली मुलगी ‘मातोश्री’च्या बाजूने, मशालीवर. माझे आतोबा हयातभर धनुष्यबाणावर शिक्का मारत आणि नंतर बटण दाबत आले. ते असते तर त्यांनी काय केलं असतं, यावर आमच्या घरात दोन तट होते आणि दोन्हींना खात्री होती की आतोबा आपल्या बाजूचे.

प्रचाराची भाषाही सिनेमाचीच होती. एकीकडून गद्दार, खोके, पाठीत खंजीर. दुसरीकडून बाळासाहेबांचे विचार कोणी सोडले, खरा वारस कोण, गुरूचं ऋण कोणी फेडलं. मंत्रिपदासाठी शिवून ठेवलेल्या कोटाचे विनोद गावातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होते. कोण नायक, कोण खलनायक एवढाच प्रश्न उरला होता. तो प्रश्न आपल्याला इतका सरावाचा का वाटतो, याचं उत्तर मला सिनेमांत सापडलं.

*

सुरुवात ‘सिंहासन’पासून करावीच लागते. १९७९चा, जब्बार पटेलांचा कृष्णधवल सिनेमा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या, त्यावर विजय तेंडुलकरांची पटकथा. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे म्हणजे अरुण सरनाईक, त्यांच्या खुर्चीवर डोळा असलेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे श्रीराम लागू, आणि या सगळ्यांच्या मधून हिंडणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. तुम्ही पूर्ण बघितला नसेल तरी त्याचे तुकडे तुमच्या फोनवर येऊन गेले असतील. जून २०२२मध्ये तर रोजच येत होते. मुख्यमंत्र्याचं आडनाव शिंदे, हा योगायोग कोणालाच सोडवत नव्हता.

सिनेमा आजही घट्ट पकडून ठेवतो. खोलीत कोण आधी बसतं, कोण उभं राहतं, फोन कोण उचलतं, एवढ्यावरून सत्ता कुठे आहे ते पटेल दाखवतात. सरनाईकांचा मुख्यमंत्री हसतो तेव्हा समोरच्याला आपण वाचलो की संपलो ते कळत नाही. लागूंचा दाभाडे गप्प बसला तरी त्याची बेरीज-वजाबाकी ऐकू येते.

पण या वेळी माझा प्रश्न घेऊन बघितला तेव्हा एक गोष्ट खटकली. ‘सिंहासन’मध्ये निवडणूकच नाही. कोण मुख्यमंत्री राहणार हे ठरतं आमदारांची डोकी मोजून, बंगल्यांच्या दिवाणखान्यांत. बाहेर मुंबई आहे, संप आहे, चाळ आहे, झोपडपट्टी आहे, मोर्चा आहे. माणसं भरपूर आहेत. पण ती खुर्चीखालची जमीन आहेत. ती हलली की खुर्ची हलते, एवढंच त्यांचं काम. नेत्यांना तोलण्याचं काम सिनेमाने एकट्या दिगूकडे दिलं आहे. तो सगळ्यांना ओळखतो, सगळे त्याच्याशी बोलतात, आणि शेवटी सगळं पाहून-जाणून तो भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो.

तो शेवट थोर आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण त्या हसण्याने आपल्याला एक सवय लावली. राजकारण कळणं म्हणजे हताश होणं, आणि ज्याला वेड लागत नाही त्याला काही कळलेलंच नाही, ही ती सवय. दिगूला वेड लागायची मुभा आहे, कारण दुसऱ्या दिवशी त्याला त्याच नेत्याकडे घरपट्टीचा, पुराच्या पंचनाम्याचा कागद घेऊन जायचं नाही. आतेला जायचं आहे.

*

२०१०मध्ये अवधूत गुप्तेंचा ‘झेंडा’ आला. शिवसेनेतून राज ठाकरे बाहेर पडून चार वर्षं झाली होती आणि सिनेमातले काका-पुतणे कोण हे सांगायची गरज नव्हती. प्रदर्शनाआधी एका पात्रावरून वादही झाला. माझ्या वयाच्या अनेकांनी पहिल्यांदा बघितलेला राजकीय सिनेमा हाच असेल.

‘झेंडा’ एक पायरी खाली उतरतो. दिवाणखान्यातून शाखेत येतो. काका-पुतण्यांच्या भांडणात मित्र दोन झेंड्यांखाली विभागले जातात आणि नेत्यासाठी डोकं फोडून घेणाऱ्या पोराच्या हाती काय लागतं, हे तो विचारतो. विठ्ठलालाच गाऱ्हाणं घालणारं त्यातलं गाणं आमच्या गावात गणपतीत कितीतरी वर्षं वाजत होतं. दहीहंडीच्या थरात सगळ्यात खाली उभ्या असणाऱ्या पोरांची बाजू त्याने घेतली, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण कार्यकर्ता म्हणजे मतदार नव्हे. कार्यकर्त्यासमोरचा प्रश्न निष्ठेचा असतो : कोणाचा मी? मतदारासमोरचा प्रश्न उलट्या बाजूने येतो : माझं कोण? ‘झेंडा’ला पहिला प्रश्न इतका जवळचा वाटतो की दुसरा त्याच्या मनातही येत नाही. निवडणूक येते ती नेते आणि पोरं यांच्या नात्याची परीक्षा म्हणून. ज्यांच्या दारात ती पोरं चिठ्ठ्या वाटायला जातात, ती दारं सिनेमा उघडत नाही.

*

मग ‘धर्मवीर : मुक्काम पोस्ट ठाणे’. प्रवीण तरडेंचा, १३ मे २०२२चा. महिना-सव्वा महिन्यात शिंद्यांचं बंड झालं आणि सिनेमाकडे बघायची नजरच बदलली. प्रसाद ओकांनी उभे केलेले दिघे खरोखर बघण्यासारखे आहेत. बसणं, चालणं, बोलता बोलता थांबून रोखून बघणं, सगळं. क्षितिश दातेंचे तरुण शिंदे मुद्दामच मान खाली घालून वावरतात. मुलं गमावलेल्या शिष्याला गुरू पुन्हा कामाला लावतो, तो भाग कोणत्याही पक्षाच्या माणसाला हलवेल. दुसऱ्या भागात हा संयम सुटतो. २०२२च्या बंडाला दिघ्यांच्या आठवणींतून नैतिक आधार देणं हेच त्याचं काम होऊन बसतं. प्रसंग घडत नाहीत, साक्ष द्यायला येतात.

तरीही माझ्या प्रश्नापुरतं बोलायचं तर ‘धर्मवीर’ ‘सिंहासन’पेक्षा लोकांच्या जास्त जवळ जातो. टेंभी नाक्यावरच्या आनंद आश्रमात दिघ्यांचा दरबार भरतो. कोणाची मुलगी सासरी छळ सोसतेय, कोणाला दवाखान्याचं बिल भरता येत नाहीये. साहेब ऐकतात, एक फोन करतात, काम होतं. आतेने पहिल्यांदा डोळे पुसले ते अशाच प्रसंगाला. महाड-पोलादपूरच्या घरांत मुंबई-ठाण्यात नोकरीला असलेलं एक तरी माणूस असतं, आणि शाखेतल्या ओळखीने रुग्णालयात खाट मिळाल्याची एक तरी गोष्ट असते. ती खोटी नाही. आमच्याही घरात आहे.

पण दरबारात येणारा माणूस कोण असतो? याचक. तो हात जोडून येतो, पाया पडून जातो. त्याला काही हवं असतं, त्याच्याकडे द्यायला काही नसतं. खरं तर पाच वर्षांतून एकदा उलटं घडतं. नेता हात जोडून दारात येतो आणि देणारा हा माणूस असतो. तो दिवस ‘धर्मवीर’च्या दोन्ही भागांच्या मध्यभागी कधीच येत नाही, आणि त्याला कारणही आहे. आनंद दिघे स्वतः कधीही निवडणुकीला उभे राहिले नाहीत. २००१मध्ये वयाच्या पन्नाशीत ते गेले. ज्या नायकाला मतदाराने कधी तोललंच नाही, त्याची पुण्याई २०२४च्या मतदारापुढे ठेवली गेली. गुरूचं वजन शिष्याच्या पारड्यात टाकून काटा वाचायला सांगितलं.

दुसऱ्या बाजूनेही तेच केलं, हे इथेच सांगितलं पाहिजे. बाळासाहेब ठाकरेही कधी निवडणूक लढले नाहीत, आणि त्यांचा वारसा कोणाचा या प्रश्नावर दोन्ही शिवसेनांनी सभा गाजवल्या. २०१९च्या लोकसभेआधी आलेला ‘ठाकरे’ हा सिनेमा तेव्हाच्या अखंड शिवसेनेचा होता. सिनेमा कोणत्या गटाचा हे बदलत जातं. प्रेक्षकाने भक्त व्हावं ही अपेक्षा बदलत नाही.

सगळं एका ओळीत मांडलं तर असं दिसतं. ‘सिंहासन’मध्ये आपण गर्दी आहोत, ‘झेंडा’त कार्यकर्ता, ‘धर्मवीर’मध्ये याचक. पंचेचाळीस वर्षांत सिनेमा पायरी पायरीने आपल्या दारापर्यंत आला, पण उंबऱ्याच्या आत आला नाही.

*

उंबऱ्याच्या आत काय चाललं होतं?

दासगावची मोजमापं समजायला २००५ माहीत असावं लागतं. त्या वर्षी जुलैअखेरीस मुंबई बुडाली ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते इथे डोंगर खाली आले. दीडशेहून जास्त माणसं गेली. दासगावातल्या वाचलेल्या कुटुंबांना पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. तात्पुरतं. तिथे कित्येकांनी वर्षांमागून वर्षं काढली, पोरांची लग्नं त्या पत्र्याखाली ठरली. आतेही त्यांतलीच. तिचा मुलगा कमावता होऊन त्याने दोन खोल्या बांधल्या तेव्हा ती तिथून निघाली.

२०२१मध्ये पुन्हा तेच. २२ जुलैला तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली, महाड शहर पाण्याखाली गेलं. मुख्यमंत्री म्हणून उद्धव ठाकरे दोन दिवसांनी तळियेला आले. शिंदे त्या सरकारात मंत्री होते. घरं म्हाडाने बांधायचं जाहीर झालं. मग सरकारच बदललं. पुरानंतर महाडकरांनी दोन मागण्या लावून धरल्या : सावित्रीतला गाळ काढा, आणि दासगावच्या खाडीत कोकण रेल्वेने जो मातीचा भराव घातलाय त्याने पुराचं पाणी तुंबतं, तिथे खांबांवरचा पूल करा.

दिवाळीच्या त्या चार दिवसांत मी आतेचं बोलणं कान देऊन ऐकलं. ती एका जागी बसून कधी राजकारण बोलली नाही. भाजी निवडताना एक वाक्य, पाणी भरताना एक. जोडून लिहितो.

दरड कोसळली तेव्हा सगळे पक्ष आले, त्यामुळे येण्याचे गुण कोणालाच नाहीत. दुसऱ्या वर्षी कोण आलं, ते ती मोजते. आतोबांना मुंबईला हलवलं तेव्हा ज्याने फोन केला तो आता एका बाजूला आहे, आणि शेडचे पत्रे उडाले तेव्हा ज्याने नवे आणून दिले तो दुसऱ्या बाजूला. हे दोन उपकार तिच्या मनात एकमेकांना छेद देत नव्हते, शेजारी शेजारी बसले होते. लाडक्या बहिणीचे दीड हजार तिच्या खात्यावर येत होते. मतदान जवळ आलं तशी महायुती एकवीसशे म्हणू लागली, आघाडी तीन हजार. “वाढवून सांगाय काय जातंय,” म्हणाली, पण आकडे तिला पाठ होते. बंडाबद्दल म्हणाली, “आपल्या घरातपन वाटन्या झाल्या. भांडले ते भांडले, पर विहीर वाटली नाय.” आणि एकदा, अगदी सहज : “पानी चढाय लागलं की रातचा फोन कोन उचलतो, त्येवढं बगायचं.”

ही यादी काही आदर्श नागरिकशास्त्राची नाही. हिच्यात उपकार आहेत, ओळख आहे, पैसे आहेत, आपल्या जातीचा-भावकीचा कोण हेही न बोलता आहे. मी मुंबईहून येताना मनात खणखणीत तत्त्वं घेऊन आलो होतो : पक्षांतर, न्यायालयाचा निकाल, लोकशाही. आतेला ती कळत नव्हती असं नाही. प्रतोद म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा बरं माहीत होतं, दोन वर्षांहून जास्त काळ गावात तीच चर्चा होती. तिच्या तागडीत ती तत्त्वंही होती, पण इतर दहा वजनांबरोबर. एका वजनाने तोलायची चैन माझी होती.

आणि इथेच सिनेमाची खरी जबाबदारी येते. आते ‘धर्मवीर’ बघून फसली नाही, तेव्हा सिनेमा निरुपद्रवी आहे, असं मी काही दिवस म्हणत होतो. आता म्हणत नाही. सिनेमाने तिचं मत बदललं नसेल, पण व्यासपीठावर काय बोललं जाणार हे ठरवायला मदत केली. गुरू, शिष्य, गद्दार, निष्ठावंत या चार शब्दांत टाळ्या मिळत असतील तर भरावाखालून पाणी कसं काढणार हे सांगायची वक्त्याला गरज काय? आते ज्याने मोजत होती त्याचं उत्तर कोणी देत नव्हतं, आणि ज्याची उत्तरं भोंग्यावरून येत होती ते ती विचारतच नव्हती. निवडणूक दोन भाषांत चालली होती. त्यांतल्या एकीलाच आपण आजवर सिनेमा दिला.

*

कोणी म्हणेल, मतदाराचं तोलणं दाखवायचं कसं? त्यात नाट्य कुठे आहे?

नाट्य आमच्या गावातच होऊन गेलंय. दासगाव हे सावित्रीच्या खाडीवरचं जुनं बंदर. २५ डिसेंबर १९२७ला डॉ. आंबेडकर सत्याग्रहींसह मुंबईहून बोटीने येऊन इथे उतरले आणि इथून सत्याग्रही महाडला चालत गेले. मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी पिऊन झालं होतं. डिसेंबरला मात्र कोर्टाची तात्पुरती मनाई होती. ती मोडून पुन्हा पाणी घ्यायचं की नाही, यावर परिषदेत वाद झाला. हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीने आले होते, बहुतेकांना पाणी घ्यायचंच होतं. आंबेडकरांनी सत्याग्रह तूर्त तहकूब करण्याची बाजू मांडली. त्यांच्या शब्दाखातर जिवावर उदार झालेल्या लोकांनी त्यांचं म्हणणं ऐकलं, तोललं, आणि मान्य केलं. तळ्याभोवती मिरवणूक काढून ते परतले. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल त्यांच्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

महाड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ओंजळीतलं पाणी येतं, आणि यायलाच हवं. पण डिसेंबरमधला तो वादही तेवढाच मोठा प्रसंग आहे. तिथे नेता लोकांपुढे आपला अवघड निर्णय घेऊन उभा आहे आणि लोक ठरवताहेत. गर्दी, कार्यकर्ता, याचक यांतलं तिथे कोणीच नाही. ‘सिंहासन’च्या दिग्दर्शकानेच पुढे आंबेडकरांवर सिनेमा केला, तरी नेत्याला तोलणाऱ्या लोकांकडे बघायची ही रीत आपल्या राजकीय सिनेमात रुजली नाही.

हिंदीत २०१७मध्ये ‘न्यूटन’ आला, अमित मसुरकरांचा. छत्तीसगडच्या जंगलातलं मतदान केंद्र, ७६ मतदार. त्याने निदान कॅमेरा केंद्रात नेला. पण तिथल्या मतदारांना उमेदवार कोण तेच माहीत नाही. सिनेमाचा मुद्दाच तो आहे. आमची अडचण वेगळी. आम्हाला उमेदवार पार त्यांच्या आजोळापर्यंत माहीत असतात. मुंबईहून मत द्यायला येणाऱ्या गाड्यांत रात्रभर तेच चालू असतं. त्या गाडीतच एक अख्खा सिनेमा आहे, आणि पोलादपूरपासून माणगावपर्यंत कोणीही त्याचे संवाद फुकट लिहून देईल.

*

२० नोव्हेंबरला मी आतेबरोबर शाळेतल्या केंद्रावर गेलो. फोन बाहेर ठेवावे लागले, त्यामुळे त्या दिवसाचा माझ्याकडे एकही फोटो नाही. बोटाला शाई लावून घेतली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे आते गेली. बटण दाबलं की शेजारच्या यंत्रात काचेमागे चिठ्ठी दिसते, सात सेकंद, मग पेटीत पडते. ती लगेच बाहेर आली नाही. चिठ्ठी पडेपर्यंत थांबली असणार.

परतताना मी विचारलंच. म्हणाली, “तुला सांगायचं व्हतं तं त्यांनी आडोसा कशाला केला?”

२३ तारखेला गोगावले सुमारे २६ हजार मतांनी निवडून आले, डिसेंबरात मंत्री झाले. २०२५मध्ये स्नेहल जगताप अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेल्या, म्हणजे महायुतीतच. ज्या दोन पारड्यांसाठी आमच्या घरातले दोन तट चार दिवस एकमेकांशी बोलत नव्हते, ती एकाच बाजूला जाऊन बसली. मी आतेला फोन करून सांगितलं. तिला आधीच कळलं होतं. तिला काळजी वेगळीच होती : भरावाचं काही झालं का, तू पेपरात लिहितोस, तुला कळलं असेल.

मला काही सांगता आलं नाही. राजकारणावरचा पुढचा मराठी सिनेमा कोणी करत असेल तर त्याने गुवाहाटीला जाऊ नये, दासगावला यावं. आतेच्या ओटीवर बसावं, भाजी निवडू लागावं आणि ती काय काय मोजते ते ऐकावं. आडोशामागे कॅमेरा नेता येणार नाही. तो बाहेर, रांगेतच ठेवावा.